गालाला टेकवायचा बांबू

मित्रांनो, आधी नुसतं ऐका. मधे कोणी बोलायचं नाही, 'मग पुढे काय झालं' म्हणून टोकायचं नाही, हसू आलं तरी पोटातच ठेवायचं. मला मुळातच सांगायची घाई असते, त्यात कोणी टोकलं की माझी सगळी पेरं एकमेकांत घुसतात आणि गोष्ट शेपटाकडून सुरू होते. शेवटी मी तुम्हाला एक प्रश्न विचारणार आहे. तेव्हा काय बोलायचं ते बोला.

मी एक जुना बांबू आहे. जुना म्हणजे काय, सातच वर्षं झाली मला तोडून. पण होडी रेटणारा बांबू तीन वर्षांत मोडतो आणि चुलीत जातो, म्हणजे माझ्या जातीत मी पणजोबाच झालो की नाही? पूर्वी मी अडीच माणसांएवढा उंच होतो. आता खालचा हातभर तुकडा नाही. तो कुठे गेला, तेच तर सांगायचंय!

मी टेकडीवरच्या बांबूंच्या बेटात वाढलो. आम्ही तिथे इतके दाटीवाटीनं उभे होतो की एकाला खाज आली तर दुसऱ्यानं अंग घासावं. एके दिवशी एक माणूस आला. हातात कोयता, पण तो कोयता चालवेचना. एकेका बांबूवर बोटाचं पेर वाजवायचा, टक टक, आणि कान लावायचा. माझ्या शेजारच्यावर वाजवलं आणि म्हणाला, "हा मुका आहे." पलीकडच्यावर वाजवलं, "हा खोकतो." मग माझ्यावर वाजवलं, कान लावला, डोळे मिटले आणि म्हणाला, "हा बोलतो!"

मित्रांनो, आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी माझं कौतुक केलं. मी तिथल्या तिथेच त्याचा झालो.

हा आमचा मामा. खरं तर तो एकाच मुलीचा मामा, पण ती भाची दिवसभर होडीच्या धक्क्यावरून 'मामा, मामा' अशा हाका मारायची, त्यामुळे येणारा-जाणारा प्रत्येक जण त्याला मामाच म्हणायला लागला. धक्क्यावर एक पत्र्याची खोली आहे. तिच्यात तिकिटांची खिडकी, खुंट्यांवर केशरी जॅकेटं, आणि भिंतीवर भरती-ओहोटीचा तक्ता. खोली भाचीची, होडी मामाची. मामानं मला पंधरा दिवस खाऱ्या पाण्यात बुडवून ठेवलं, मग विस्तवावर शेकून सरळ केलं. तेव्हा मी किती ओरडलो म्हणून सांगू! मग माझ्या पायात लाकडी बूट ठोकला, अंगाला तेल चोळलं आणि हात-हात अंतरावर लाल पट्टे रंगवले, पाणी किती खोल आहे ते कळायला. मी एकदम देखणा दिसायला लागलो. भाची म्हणाली, "मामा, लग्नाला निघालाय की काय तो?"

आमचं काम म्हणजे लोकांना खारफुटीच्या जंगलात फिरवून आणायचं. तेही गुपचूप! आमच्या होडीला इंजिनच नाही. मामा पाठीमागे उभा राहून मला तळाच्या गाळात रोवतो, रेटतो, उपसतो, पुन्हा रोवतो. पुढे सहा माणसं बसतात. पहिली दहा मिनिटं मामा बोलतो. ही मुळं बघा, चिखलातून पेन्सिली वर आल्यासारखी दिसतात ना, त्यांतून झाड श्वास घेतं. हे पान चाटून बघा, खारट लागेल, झाडानं नको असलेलं मीठ बाहेर काढून टाकलंय. ती निवटी बघा, मासा असून चिखलावर चालते, आणि वर अशी बघते जणू आपणच तिच्या घरात न विचारता आलोय. मग पाण्याची वाट अरुंद होत जाते, दोन्हीकडची झाडं डोक्यावर एकमेकांना टेकतात, आणि मामा ओठांवर बोट ठेवतो. तिथून पुढे अर्धा तास कोणीही बोलायचं नाही. खोकला आला तर कोपरात खोकायचं.

आणि काय सांगू मित्रांनो, सुरुवातीला माणसं चुळबुळतात, मोबाइल चाचपतात, पण पाचव्या मिनिटाला सगळ्यांचे खांदे खाली येतात. मी पाठीमागून सगळं बघायचो. खंड्या पाण्यात सूर मारतो, आणि कधी कधी एखादं पान पडतं, तेवढंसुद्धा ऐकू येतं.

आता एक महत्त्वाची गोष्ट. नीट लक्ष द्या, कारण सगळं रामायण इथूनच सुरू होतं. आत एक जागा आहे, तिला आम्ही चिंचोळी म्हणतो. तिथून एका वेळी एकच होडी जाऊ शकते आणि मधे असं वळण आहे की पलीकडचं काहीच दिसत नाही. भोंगा वाजवला तर पक्षी घरट्यांवरून उठतात, म्हणून भोंगा बंद. मग करायचं काय? तर होडीच्या कडेवर बांबू तीनदा आपटायचा. ठक, ठक, ठक. आणि वीस आकडे मोजेपर्यंत थांबायचं. आतून कोणी येत असेल तर ते दोनदा वाजवतं, ठक ठक. म्हणजे 'थांब, मी येतोय'. उत्तर नाही आलं, तर रस्ता मोकळा. साधी गोष्ट.

आतून येणारी बहुतेक वेळा एकच असायची, खेकडेवाली मावशी. तिची होडी पसरट, वर टोपल्यांची चळत, आणि ओहोटीच्या पाण्याबरोबर ती अशी सुटायची की तिला थांबवणं तिच्याही हातात नसायचं. तिची जीभ तिच्या खेकड्यांच्या नांग्यांपेक्षा धारदार होती.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आम्ही चिंचोळीपाशी आलो, मामानं मला तीनदा आपटलं, वीस मोजले आणि होडी आत घातली. आणि मित्रांनो, मी चक्रावलोच! कारण आतून ठक ठक आलं होतं, अगदी स्पष्ट! दुसऱ्या क्षणी धडाम! फार काही झालं नाही, पण दोन टोपल्या आमच्या होडीत उलटल्या आणि प्रवाशांनी पाय जे वर घेतले ते होडी धक्क्याला लागेपर्यंत खाली ठेवले नाहीत.

"कान काय घरी खुंटीला टांगून आलास का?" मावशी ओरडली.

"अगं, पक्षी किती कलकलतायत बघ," मामा हसत म्हणाला.

एकही पक्षी ओरडत नव्हता. मला माहीत होतं ना! त्या दिवसापासून मी मामाकडे नीट बघायला लागलो. भाची पाठीमागून बोलली की तो उत्तर द्यायचा नाही. समोरून बोलली की तिच्या डोळ्यांकडे न बघता ओठांकडे बघायचा. प्रवासी काही विचारायचे, की मामा आधी हसायचा आणि मग 'हो हो, आहेत ना, पुष्कळ आहेत' म्हणायचा. एकदा एका बाईंनी 'इथे स्वच्छतागृह आहे का' विचारलं, तर म्हणाला, "पुष्कळ आहेत, पण भरतीला दिसत नाहीत."

मग एक दिवस प्रवासी खंड्या बघण्यात गुंग होते आणि मामा दमून माझ्यावर रेलला. त्यानं गाल माझ्या अंगाला टेकवला, नेमकं जबड्याचं हाड. आणि तो दचकलाच! कारण तळाशी पाण्यात इवल्या कोळंब्या असतात, त्या नांग्यांनी सारख्या चुटक्या वाजवतात, तडतड तडतड, तव्यावर मोहरी टाकल्यासारखं. ते सगळं माझ्या पायातून माझ्या अंगात चढतं. मला ते रोजच ऐकू यायचं. आता ते मामाला ऐकू आलं! माझ्यातून त्याच्या हाडात! तो किती तरी वेळ हललाच नाही. मग माझ्या अंगावरून हात फिरवून पुटपुटला, "आपल्या दोघांतच हं, बाबा."

झाकली मूठ सव्वा लाखाची. मीही मूठ झाकली. मला मूठ नाही, पण झाकली.

तेव्हापासून चिंचोळी आली की मामा मला तीनदा आपटायचा, गाळात रोवायचा आणि हळूच गाल टेकवायचा. मावशीनं तिच्या होडीवर वाजवलेलं ठक ठक पाण्यातून माझ्याकडे, माझ्यातून मामाकडे. प्रवासी पुढे तोंड करून बसलेले, त्यांना पत्ताच नाही. एक वर्ष आम्ही असं काढलं, आणि एकदाही चूक नाही. मी किती फुशारलो होतो! नुसता रेटायचा बांबू राहिलो नव्हतो मी, मामाचा कान होतो कान!

पण भाची काही खुळी नव्हती.

"मामा, कानाच्या डॉक्टरकडे चल ना एकदा."

"मला काय झालंय? मी काय बहिरा आहे?"

"मी असं म्हटलं का?"

"काय म्हणालीस?"

भाचीनं कपाळावर हात मारला. "परवाना नवा करायचाय मामा, पुढच्या आठवड्यात तपासणी आहे. त्यांना कळलं तर कायमचं बंद करतील. आधी आपणच दाखवून येऊ."

हे मात्र मामाला नीट ऐकू आलं, कारण ती समोर उभी राहून बोलत होती. त्याचा चेहरा एकदम उतरला. "एकतीस वर्षं," तो म्हणाला, "एकतीस वर्षं आत जातोय मी. तू मला त्या खिडकीत बसवणार? जॅकेटं मोजायला?" आणि उठून गेला. बस. मामाला बाकी काही नको होतं, फक्त आत जायला मिळावं एवढंच.

तपासणीचा दिवस उजाडला. आल्या त्या एक बाई. चष्मा, टोपी, हातात कागद लावलेली पाटी, आणि बोलणं मोजून-मापून. त्यांनी प्रत्येक जॅकेटाचा पट्टा ओढून बघितला. प्रत्येक! होडीचा तळ ठोकून बघितला. मला वरपासून खालपर्यंत बघितलं. मी पोट आत घेतलं. या सगळ्यात पाऊण तास गेला आणि निघेपर्यंत भरती संपून पाणी उलटं फिरलं. मी मनात म्हटलं, आता मावशी निघाली असणार.

होडीत बाईंशिवाय एक काका आणि काकू होते. काका इतके बडबडे की जॅकेट घालतानाही जॅकेटाशी बोलत होते. भाची धक्क्यावर थांबली. तिनं मामाकडे बघून नुसती मान हलवली, आणि मामानं तिच्याकडे बघायचं टाळलं.

आणि आता खरी गंमत. गंमत कसली, माझा तर पायच गारठला! तपासणीच्या बाई पुढे तोंड करून बसल्याच नाहीत. त्या मामाकडे तोंड करून बसल्या. त्यांना मामाचं काम बघायचं होतं ना! सगळी वाट त्या मामाकडे बघत होत्या आणि पाटीवर टिपत होत्या. मामानं पानं दाखवली, निवटी दाखवली, ओठांवर बोट ठेवलं. सगळे गप्प झाले. काकासुद्धा, कारण काकूंनी त्यांचा हात दाबून धरला होता.

चिंचोळी आली. ठक, ठक, ठक. मामानं मला गाळात रोवलं. आणि मी वाट बघत होतो त्याच्या गालाची.

गाल आला नाही.

बाई बघत होत्या ना! गाल टेकवला असता तर त्यांनी विचारलं असतं, हे काय करताय? मामा ताठ उभा राहिला, ऐकण्याचं सोंग करत, मान अशी वाकडी करून. मोजायला लागला. एक, दोन, तीन. आणि सातला आलं, ठक ठक! आतून! जवळून!

बाईंनी मान वर केली. त्यांना काय माहीत आमची भाषा, त्यांना वाटलं सुतारपक्षी. त्यांनी तसं लिहूनसुद्धा घेतलं. काका मागे वळून म्हणाले, "अहो, ते आतून कोणीतरी—" मामानं लगेच त्यांच्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं. काकूंनी डोळे वटारले. काका गप्प! आयुष्यात पहिल्यांदा काकांनी कामाचं काहीतरी सांगितलं असतं, आणि तिथेच त्यांना गप्प बसवलं!

अठरा, एकोणीस, वीस.

मामानं मला रेटलं. होडीचं नाक चिंचोळीत शिरलं. आता मला उपसायचं आणि पुन्हा रोवायचं. मला तर ऐकू येत होतं, मावशीची होडी पाणी कापत येतेय, टोपल्या करकरतायत, तीनदा-चारदा ठक ठक, ठक ठक. मी जर निमूट वर आलो तर आम्ही वळणावर समोरासमोर आदळणार. आणि वर नाही आलो तर? तर सगळ्यांना कळणार. वर्षभर झाकलेली मूठ उघडणार, तीही त्या पाटीवाल्या बाईंच्या समोर.

मी वर आलो नाही.

चिखलानं मला धरलं की मी चिखलाला धरलं, ते आमच्या दोघांतच राहू द्या. मामानं ओढलं, मी हललो नाही. त्यानं दोन्ही हातांनी ओढलं, पाय होडीच्या टोकाला रोवून. होडी जागच्या जागी खिळली. शेवटी त्यानं मला कवटाळलंच, अंग टाकून, दात आवळून, आणि त्याचा जबडा माझ्यावर घट्ट दाबला गेला.

ठक ठक!

त्याचे डोळे असे मोठे झाले! एका क्षणात त्याला कळलं. एकतीस वर्षं उगाच नाही काढली त्यानं. मला सोडलं नाही, उलट आणखी घट्ट धरलं आणि ओहोटीच्या पाण्याला होडी ढकलू दिली. माझ्याभोवती होडी दारासारखी फिरली आणि सपकन बाजूच्या मुळांत जाऊन बसली. "पाय आत! हात आत!" मामा ओरडला. त्या जंगलात तो कधी ओरडला नव्हता. आणि त्याच क्षणी वळणावरून मावशीची होडी सुटली, आमच्या अंगाला घासून, जिथे आम्ही उभे असतो नेमकी तिथून. मी अजून गाळात उभा होतो. तिची कड माझ्या अंगावर आदळली, आणि पाय तर गाळात रुतलेला.

कडाक!

मित्रांनो, दुखलं हो. खूप दुखलं. पण होडीतल्या कोणाला साधं खरचटलंसुद्धा नाही.

मावशीनं पुढे जाऊन एका फांदीला हात घातला आणि कशीबशी थांबली. "चारदा वाजवलं! चारदा! अरे, माझ्या टोपलीतल्या खेकड्यांनासुद्धा ऐकू गेलं!"

"मलाही ऐकू आलं होतं!" काका उसळले. "मी सांगत होतो! पण इथे बोलायची बंदी!"

बाईंनी चष्मा नीट केला. मग त्या मामाकडे बघत, सावकाश, प्रत्येक शब्द सुटा करून म्हणाल्या, "तुम्हाला ऐकू आलं नाही का?"

मामाला 'पक्षी कलकलत होते' म्हणता आलं असतं. त्याची जीभ तिथपर्यंत आली होती, मी बघितलं. पण त्यानं माझ्याकडे बघितलं. माझा पाय फुटून चिरफळ्या झालेला, लाल पट्टा दुभंगलेला. आणि तो म्हणाला, "नाही आलं. दोन वर्षं झाली, नीट येतच नाही. याच्यातून येतं फक्त." आणि त्यानं सगळं सांगितलं. गाल कसा टेकवायचा, तेही दाखवलं.

बाईंनी पाटी बाजूला ठेवली. टोपी काढली. वाकून माझ्या अंगाला जबडा टेकवला. मी जीव एकवटून उभा राहिलो, तुटलेल्या पायावर. खाली कोळंब्या तडतडत होत्या. बाईंचा चेहरा हळूहळू असा उघडला, अगदी लहान मुलीसारखा. "अगं बाई!" त्या म्हणाल्या. मग काकू, मग काका. काका चक्क दोन मिनिटं बोलले नाहीत.

पण पाटी परत हातात घेतल्यावर बाई म्हणाल्या, "हे मला लिहावं लागेल, मामा." तो 'मामा' त्यांच्याही तोंडी आलाच बघा. "लिहा," मामा म्हणाला.

मग काय, होडी बंद. कानाच्या डॉक्टरचा कागद आणल्याशिवाय परवाना नाही. मामा पाच आठवडे तिकिटांच्या खिडकीत बसला आणि मी त्याच खोलीच्या कोपऱ्यात, जॅकेटांच्या शेजारी, पाय तारेनं बांधलेला. ते पाच आठवडे आम्ही दोघं कसे होतो म्हणून विचारू नका. मामा भरतीचा तक्ता वाचायचा, जणू परगावी गेलेल्या माणसाचं पत्र वाचतोय. मला वाटायचं, हे माझ्यामुळे. मीच केलं हे.

डॉक्टर म्हणाले की मामाच्या कानातलं एक इवलंसं हाड आखडलंय. हवेतून आवाज आत जात नाही, हाडातून जातो. "तुम्हाला हे आधी कोणी सांगितलं होतं का?" त्यांनी विचारलं. मामा म्हणाला, "हो, एका बांबूनं." भाचीनं हे परत येऊन मला सांगितलं, आणि सांगताना तिला हसू आवरेना. डॉक्टरांनी कानामागे लावायचं एक छोटं यंत्र दिलं. परवाना मिळाला, एका अटीवर. होडीत पुढे चांगल्या कानांचं कोणीतरी हवं. भाचीनं खिडकीला कुलूप लावलं आणि येऊन पुढे बसली.

आता रेटायला नवा बांबू आहे. फार शिष्ट आहे तो, पण शिकेल. मी रेटत नाही. माझा फुटका भाग मामानं कापून टाकला, टोक घासून गुळगुळीत केलं, आणि मला होडीच्या कडेला आडवा बांधून नेतात. चिंचोळीच्या अलीकडे मला पाण्यात उभा करतात आणि सगळे जण एकेक करून गाल टेकवतात. काल एक चिमुरडी कोळंब्यांना माझ्यातूनच 'हॅलो' म्हणाली. मामा सुरुवातीलाच सांगून टाकतो, "मला कमी ऐकू येतं, काही विचारायचं असेल तर तोंडासमोर या." आणि लोक येतात हो समोर! कोणी हसत नाही. म्हणून सांगतो मित्रांनो, कमी ऐकू येत असेल, कमी दिसत असेल, तर लपवू नका. एखाद्या बिचाऱ्या बांबूवर सगळा भार टाकू नका.

परवा धक्क्यावर मामा मला तेल चोळत बसला होता. चोळता चोळता थांबला. "तिथला गाळ काही एवढा चिकट नाही रे," तो हळूच म्हणाला. "एकतीस वर्षांत तिथे बांबू अडकलेला मी बघितला नाही. तू कसा अडकलास?"

मी काहीच बोललो नाही. त्यानं गाल टेकवला, तरीही नाही बोललो. तो बराच वेळ तसाच बसून राहिला, मग हसला आणि पुन्हा तेल चोळायला लागला.

'आपल्या दोघांतच हं' असं तो मला म्हणाला होता, आणि मी सगळ्यांसमोर त्याला उघडं पाडलं. तर आता बोला, मित्रांनो. तुम्ही माझ्या जागी गाळात उभे असता, आतून ठक ठक येत असतं आणि मामा वर ओढत असता, तर तुम्ही काय केलं असतं?